तान्ह्या पोळ्याची चाकं: खरादावर गोल, श्रावणात लंबगोल

नागपुरात तान्हा पोळा म्हणजे लाकडी नंदीचा दिवस. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुलं चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात. भोसल्यांच्या काळापासून ही रीत चालत आली, असं शहर मानतं. नंदी वीतभर असो की पोरापेक्षा उंच, त्याच्या पायांखाली पाटा असतो आणि पाट्याला चार चाकं. बैल कोरणारा कारागीर वेगळा, खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, चाकं काढणारा खरादी वेगळा. हे प्रकरण त्या दोघांमधल्या एका ऑर्डरचं आहे. लाकूड वाळवण्याचं काम मी करतो, म्हणून वाद चिघळल्यावर दोघांनीही मला बोलावलं. नावं देत नाही, त्यांची तशी इच्छा आहे.

ऑर्डर साधी होती. सहा इंची, म्हणजे जवळपास १५० मिलिमीटर व्यासाची, इंचभर जाड चाकं. मधे २० मिलिमीटरचं भोक आणि त्यात बसणारे लाकडाचेच आस. लोखंडी सळई नको, नंदी पूर्ण लाकडाचा हवा, अशी नंदीवाल्यांची अट होती.

खरादीकाकांनी माल दोन हप्त्यांत काढला. पहिला हप्ता आंब्याचा. लकडगंजातल्या आरामशीनवरून चैत्रात ओल्या फळ्या आणल्या, गोल तुकडे कापले आणि थेट शेवटच्या मापावर कातून त्याच दिवशी पुढच्या बाजूला लाखेचं पॉलिश चढवलं. दुसरा हप्ता सागवानाचा. हे लाकूड जुनं. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर त्यानं दोन उन्हाळे काढलेले, हातात घेतलं की खणखणीत वाजायचं. ते मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत कातलं. काकांचा भरवसा या दुसऱ्या हप्त्यावर जास्त होता, आणि कोणत्याही जुन्या कारागिराचा असाच असता.

श्रावणात नंदीवाल्यांनी चाकं बसवायला घेतली तेव्हा दोन्ही हप्ते बिघडलेले निघाले. आंब्याची चाकं लंबगोल झाली होती. नंदी ओढला की तो लंगडत चालायचा. काही चाकांना भोकापासून काठापर्यंत चीर गेली होती, काही बशीसारखी खोलगट झाली होती. सागवानाच्या चाकांची तक्रार निराळीच. ती दिसायला ठीक होती, पण आसावर अडकून बसली. हातोडीनं ठोकून काढावी लागली. पोळा तोंडावर आलेला. नंदीवाल्यांनी माल परत पाठवला आणि त्या वर्षी घाईघाईत प्लायवूडची चाकं कापून लावली.

काकांचं म्हणणं असं: "आंब्याचं समजलो मी, भाऊ. ओलं होतं ते. पण सागवान तं पूर्ण वाळलेलं होतं न! दोन उन्हाळे खाल्ले त्यानं. ते काऊन अडकून राह्यलं?" पॉलिशवाल्यानं माल भेसळीचा दिला असावा, हा त्यांचा पहिला संशय. नंदीवाल्यांचा संशय खरादावर. त्यांच्या मते यंत्रावर तुकडा धरून फिरवणारा चक डुगडुगत होता, म्हणून चाकं मुळातच गोल निघाली नसणार.

आधी मोजमाप

कोणाचं ऐकण्याआधी परत आलेली चाकं टेबलावर मांडली. प्रत्येक चाकावर पेन्सिलनं दोन रेघा मारल्या: एक लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे खोडाच्या लांबीच्या दिशेनं, दुसरी तिला काटकोनात, म्हणजे रेषांना आडवी. मग दोन्ही रेघांवर व्हर्नियरनं व्यास मोजला.

या एका मोजणीनं खराद निर्दोष सुटला. चक डुगडुगत असता तर चूक प्रत्येक चाकावर वेगळ्या जागी पडली असती, कारण तुकडा चकात बसवताना रेषांची दिशा कोण बघतो? इथे मात्र सगळ्या चाकांचा लांब आणि आखूड व्यास रेषांशी बांधलेला निघाला. रेषांच्या दिशेनं सगळी चाकं जवळपास मूळ मापाचीच होती. बदल होता तो फक्त आडव्या दिशेला. आंब्याची चाकं आडव्या दिशेला आखडली होती, सर्वांत वाईट चाकात चार मिलिमीटरच्या आसपास. सागवानाची चाकं त्याच दिशेला फुगली होती, दोन-अडीच मिलिमीटरनं.

म्हणजे एकाच दुकानातली, एकाच हातानं, एकाच यंत्रावर काढलेली चाकं एकमेकांच्या उलट हलली होती. पॉलिशचा डबाही दोन्हींना एकच होता. भेसळीच्या पॉलिशनं एक लाकूड आखडवलं आणि दुसरं फुगवलं, असं होत नाही. उरलं होतं पाणी.

नागपूरची हवा लाकडात काय करते

झाड पाडल्यावर लाकडात दोन ठिकाणी पाणी असतं. पेशींच्या पोकळीत मोकळं पाणी असतं. ते निघून गेलं की लाकूड हलकं होतं, पण आकार बदलत नाही. दुसरं पाणी पेशींच्या भिंतींत मुरलेलं असतं. ओलावा लाकडाच्या सुक्या वजनाच्या २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की हे दुसरं पाणी जायला लागतं, भिंती बारीक होतात आणि लाकूड आखडतं. आखडणं सगळीकडे सारखं असतं तर निदान चाक लहान होऊन का होईना, गोल राहिलं असतं. पण लाकूड लांबीच्या दिशेनं जवळपास आखडतच नाही. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं ते काही टक्के आखडतं आणि वार्षिक वलयांच्या वळणाला धरून त्याच्या दुपटीच्या आसपास. सागवानाचे आकडे ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत असे: गाभा ते साल या दिशेनं सुमारे अडीच टक्के, वलयांच्या दिशेनं पावणेसहाच्या आसपास. सागवान हे तर सगळ्यांत गुणी लाकडांपैकी एक.

लाकूड एकदा वाळलं की कायमचं वाळलं, ही समजूत या प्रकरणाच्या मुळाशी आहे. लाकूड आयुष्यभर हवेशी पाण्याची देवघेव करत राहतं. हवा कोरडी असेल तर पाणी सोडतं, दमट असेल तर घेतं, आणि प्रत्येक हवामानाला त्याचा एक ठरलेला ओलावा असतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांकडे जातो आणि दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत लाकूड पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतं. टिनाखालच्या माळ्यावर त्याहूनही खाली. श्रावणात आर्द्रता ऐंशीच्या घरात किंवा वर राहते, तेव्हा तेच लाकूड पंधरा-सोळा टक्क्यांवर जायला निघतं. वर्षातून एकदा नऊ-दहा टक्क्यांचा हा चढ आणि तेवढाच उतार. समुद्राकाठी वर्षभर हवा दमट असते, तिथल्या सुताराला एवढा झोका सोसावा लागत नाही. आपल्याकडे तो दरवर्षी येतो.

आता सागवानाचा हिशेब जुळतो. ओलावा एक टक्क्यानं वाढला की सागवान वलयांच्या दिशेनं हजारात जवळपास दोन भाग फुगतं. १५० मिलिमीटरचं चाक सहा टक्क्यांवर कातलं आणि ते पंधरावर गेलं, तर नऊ टक्क्यांत जवळपास अडीच मिलिमीटर. टेबलावर मोजलेला आकडा हाच होता. काकांच्या सागवानात दोष नव्हता. ते ज्या दिवशी कातलं, त्या दिवशी ते वर्षातल्या सर्वांत टोकाच्या कोरड्या अवस्थेत होतं, आणि ज्या दिवशी वापरायचं होतं तो दिवस दुसऱ्या टोकाचा होता.

आंब्याचं गणित आणखी लांबचं. ते ओलं असतानाच शेवटच्या मापावर गेलं. मग वैशाखाच्या झळांत आखडलं आणि पावसाळ्यात थोडं परत फुगलं. म्हणजे श्रावणात मोजलेला बिघाड हा सुधारलेला आकडा होता. ज्येष्ठात तो याहून वाईट असणार. ती चाकं कशीबशी विकली गेली असती, तरी पुढच्या उन्हाळ्यात आणखी लंबगोल झाली असती.

आस का अडकला

यात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, आणि सहसा इथेच गफलत होते. काकांसकट सगळ्यांचं म्हणणं होतं की पावसाळ्यात लाकूड फुगून भोक बारीक झालं. भोक बारीक होत नाही. चाकाचं लाकूड फुगतं तेव्हा भोकही त्याच्यासोबत मोठं होतं, पण फक्त आडव्या दिशेला. रेषांच्या दिशेनं लाकूड हलत नाही, म्हणून त्या दिशेनं भोक होतं तेवढंच राहतं. २० मिलिमीटरचं गोल भोक किंचित लंबगोल होतं, इतकंच.

फुगतो तो आस. आसाच्या रेषा त्याच्या लांबीला समांतर असतात, म्हणजे त्याची जाडी ही पूर्ण आडवी दिशा. तो सगळीकडून जाड होतो, एका बाजूनं थोडा कमी, दुसऱ्या बाजूनं जास्त. २० मिलिमीटरचा सागवानी आस नऊ टक्क्यांत एका दिशेनं जवळपास ०.३३ मिलिमीटर वाढतो. काकांनी भोक आणि आस यांच्यात सफाईदार, घट्ट बैठक ठेवली होती. फट मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढी. वाढलेला आस न वाढलेल्या भोकात रेषांच्या दिशेच्या दोन टोकांवर रुतला. अडकलेली चाकं काढल्यावर आसावरच्या घासल्याच्या खुणा नेमक्या त्याच दोन जागी समोरासमोर दिसल्या. काकांनी त्या बोटानं चाचपल्या आणि पॉलिशवाल्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

कारागिराचा हात जितका सफाईदार, तितकी फट कमी, आणि तितकी पावसाळ्यात अडचण जास्त. नंदीच्या आसात फट दिसली तर ती ढिलाई समजू नये. लाकडी आस असलेल्या चाकात फट हवीच.

बशी आणि चिरा

बशीसारख्या चाकांना दोन कारणं होती. एक, फळीच्या सपाट बाजूला वलयं आडवी पडलेली असली की वाळताना सालीकडची बाजू जास्त आखडते आणि फळी त्या बाजूला खोलगट होते. दोन, पॉलिश फक्त पुढच्या बाजूला होतं, कारण मागची बाजू दिसत नाही. लाखेचं पॉलिश असो की रंग, तो पाण्याची ये-जा हळू करतो, बंद करत नाही. एका बाजूनं ओलावा सावकाश जातो, दुसऱ्या बाजूनं भरभर, आणि चाक वाकतं. कोणतंही पॉलिश करायचं असेल तर पुढे, मागे, काठाला आणि भोकाच्या आतही सारखे हात द्यायला हवेत. तरीही पॉलिशकडून आकार धरून ठेवण्याची अपेक्षा करू नये. एखाद-दोन दिवसांच्या झडीपासून ते वाचवेल, चार महिन्यांच्या पावसाळ्यापासून नाही.

चिरा गेलेल्या चाकांत गाभा होता, किंवा गाभ्याला लागून असलेला भाग. वलयांच्या दिशेनं लाकूड जास्त आखडतं, गाभ्याकडच्या दिशेनं कमी. गाभा मधे धरून गोल तुकडा कापला तर वाळताना कुठेतरी चीर जाणारच. खोडाची सरळ चकती कापून चाक करणं तर त्याहून वाईट. चकती आयती गोल मिळते म्हणून मोह होतो, पण ती तडकल्याशिवाय वाळलेली मी फार क्वचित पाहिली आहे.

बैलगाडीचं चाक हेच सांगत होतं

काकांशी बोलताना बैलगाडीचा विषय निघाला आणि तिथे मला शिकवायची गरज राहिली नाही. त्यांचे वडील गाडीची चाकं करत. गाडीचं चाक कधीच एका फळीतून निघत नाही. मधे तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांवर परिघाचे वळणदार तुकडे आणि त्यावर लोखंडी धाव. आऱ्यांच्या रेषा तुंब्याकडून काठाकडे जातात, म्हणजे चाकाचा व्यास लाकडाच्या न हलणाऱ्या दिशेवर उभा असतो. परिघाच्या तुकड्यांतही रेषा शक्य तितक्या परिघाच्या वळणासोबत धावतात. म्हणून उन्हाळा-पावसाळा झेलूनही ते चाक गोल राहतं. बिघडतं ते एवढंच, की उन्हाळ्यात सगळे सांधे सुकून ढिले होतात आणि धाव निसटते. मग चाक पाण्यात भिजत ठेवायचं. काका म्हणाले, "बाबा नाल्यात चाकं ठेवायचे, दोन दिवसांत टाईट. मी खेळण्याचं चाक म्हणून त्याचा विचारच नाही केला."

सहा इंची चाक असं तुकड्यांनी जोडता येतं, पण त्या भावात परवडत नाही. मोठ्या, फूटभर चाकाच्या नंदींसाठी मात्र आम्ही तोच मार्ग ठरवला. त्या जोडणीचं वेगळं प्रकरण होईल, इथे त्यात शिरत नाही.

पुढच्या वर्षीची तयारी

ठरवलं ते असं, की लाकूड एकाच वेळी कातून मोकळं व्हायचं नाही. दोनदा कातायचं आणि मधे थांबायचं. ही युक्ती जगभरचे खरादी वाटी-वाडग्यांसाठी वापरतात. ओलं लाकूड आधी ढोबळ मापावर काढायचं, मग ते वाळेल, वाकेल, काय हलायचं ते हलेल. मग शेवटच्या मापावर पुन्हा कातायचं. ओल्या लाकडाला गोल पटाशी लोण्यातून गेल्यासारखी जाते, त्यामुळे पहिल्या फेरीला वेळही कमी लागतो.

लाकूड पौषात घेतलं, थंडी असताना. तेव्हा हवा कोरडी असते पण तापलेली नसते, लाकूड सावकाश वाळतं. आंब्याला ओल्या हवेत बुरशीचे निळे-काळे डाग लवकर पडतात, हेही थंडीत टळतं. आरामशीनवर जाताना काका स्वतः सोबत आले, कारण तुकडा निवडणं हाच अर्धा इलाज होता. गाभा असलेली फळी घ्यायची नाही. फळीच्या टोकाकडून बघायचं: वलयांच्या रेघा जाडीत उभ्या दिसल्या तर ती फळी निम्मीच हलणार, आडव्या, कमानीसारख्या दिसल्या तर पूर्ण. उभ्या वलयांच्या फळ्या कमी मिळतात आणि थोड्या महाग पडतात. चाकांसाठी त्याच घेतल्या. आडव्या वलयांचं लाकूड पाट्यांना ठेवलं, तिथे थोडी हालचाल खपते. थोडं शिवणही घेतलं. ते हलकं, कातायला मऊ आणि कमी हलणारं लाकूड आहे. विदर्भात सागवानाच्या नावापुढे त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या फेरीत चाकं १६५ मिलिमीटर व्यासावर आणि दीड इंच जाडीवर थांबवली. म्हणजे व्यासात दहावा हिस्सा जास्त. मधे १२ मिलिमीटरचं बारीक भोक. लगेच, त्याच तासाला, रेषा जिथे कापल्या जातात त्या काठाच्या दोन्ही बाजूंना वितळवलेलं मेण लावलं. कापलेल्या टोकांतून पाणी सपाट बाजूपेक्षा दहा-बारापट वेगानं पळतं. तिथून टोक आधी सुकतं, आतला भाग ओलाच राहतो, आणि ताण वाढून चीर पडते. फेविकॉलचा हातही काही जण देतात. पातळ हाताचा फारसा उपयोग होत नाही, मेण चांगलं.

चाकं तरटाच्या पोत्यांत त्यांच्याच ढलप्यांत भरून दुकानाच्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवली. माळ्यावर एकही नाही. ढलप्या सुरुवातीला ओल्या असतात, म्हणून त्या आठवड्यानं बदलायच्या, नाहीतर बुरशी धरते. प्रत्येक चाकावर तारीख आणि वजन लिहिलं. वजन दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. वजन उतरत आहे तोवर चाक वाळत आहे. दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही की ते त्या हवेशी जुळलं. पिना टोचून ओलावा दाखवणारं मीटर माझ्याकडे होतं, पण ते लाकडाच्या जातीप्रमाणे थोडं खोटं बोलतं. पक्का आकडा हवा असेल तर त्याच फळीचा छोटा तुकडा वजन करून १०३ अंशांच्या भट्टीत वजन थांबेपर्यंत वाळवायचा. ६४ ग्रॅमचा तुकडा ५० वर थांबला तर ओलावा १४ भागिले ५०, म्हणजे २८ टक्के. हे काकांच्या मुलीनं शिकून घेतलं आणि वही तिनंच ठेवली.

खरा पेच मे महिन्याचा होता. वाळलेली चाकं तशीच ठेवली तर पुन्हा सहा टक्क्यांवर जाणार आणि आपण मागच्याच टोकावर उभे. आम्हाला हवं होतं मधलं: दहा-अकरा टक्के. तिथे कातलं तर श्रावणात चाक थोडं फुगेल, पुढच्या वैशाखात थोडं आखडेल, आणि दोन्हीकडची चूक निम्मी होईल. पण मे महिन्यात नागपुरात अशी हवा आणायची कुठून?

ती घरातच होती. वाळ्याच्या ताट्या लावलेला कुलर ज्या खोलीत दिवसभर चालतो तिथली आर्द्रता पन्नास ते साठ टक्क्यांच्या दरम्यान राहते. त्या हवेशी जुळलेलं लाकूड नऊ-दहा टक्क्यांवर स्थिरावतं. साधा घड्याळासारखा आर्द्रता दाखवणारा काटा खोलीत टांगून आठवडाभर बघितलं आणि मग चाकं काकांच्या घरातल्या कुलरच्या खोलीत, झोताच्या आड, पलंगाखाली रचली. चाकांमधे बारीक काड्या ठेवल्या, हवा फिरावी म्हणून. काकूंची सुरुवातीला तक्रार होती आणि ती रास्त होती. पोत्यातली माती, ढलप्या, सगळं घरात आलं होतं. पण मोठ्या कारखान्यात ज्याला हजारोंचा खर्च येतो, तशी दमट हवेची खोली नागपूरच्या घराघरात चार महिने फुकट चालू असते, ही गोष्ट मला अजूनही फार मोलाची वाटते.

दुसरी फेरी

आषाढ लागल्यावर शेवटचं कातकाम केलं. तोवर बहुतेक चाकांचा ओलावा अकरा-बाराच्या आसपास होता. वाळून लंबगोल झालेलं चाक चकात सरळ धरता येत नाही, म्हणून आधी मधलं भोक स्टँडच्या ड्रिलनं २१ मिलिमीटरचं केलं, त्यात दांडा बसवला आणि त्या दांड्यावर चाक फिरवून बाहेरचा गोल काढला. त्यामुळे भोक आणि काठ यांचं केंद्र एकच राहिलं. चाक सुरुवातीला धडधडतं, तेव्हा वेग कमी ठेवायचा. दोन्ही सपाट बाजूंनी सारखं लाकूड काढायचं. एकाच बाजूनं सगळी जाडी उतरवली तर आत अडकलेला ताण सुटून चाक नव्यानं वाकतं.

आस २० मिलिमीटरचा ठेवला, म्हणजे पूर्ण एक मिलिमीटरची फट. तीन वेळा मोजूनही काकांचा हात एवढी ढिली बैठक करायला तयार होत नव्हता. "हे तं खिळखिळं दिसून राह्यलं, लोक हसतील न!" मग आसाच्या टोकाला लाकडाची रुंद टोपी बसवली. फट झाकली गेली आणि चाक बाहेरही येत नाही. भोकात मेण घासलं. पॉलिश सगळ्या बाजूंना सारखं. मुलं चाक तोंडात घालतात, म्हणून बाहेरच्या रंगांऐवजी साधी लाख आणि मेण.

चाकं उकळण्याचाही एक प्रयोग झाला. काही खरादी ढोबळ चाक जाडीच्या दर इंचाला तासभर या हिशेबानं उकळत्या पाण्यात ठेवतात, त्यानं ताण सैल होतो असा त्यांचा अनुभव आहे. शिवणाच्या थोड्या चाकांवर करून पाहिलं. चिरा कमी गेल्या, पण ती चाकं मुळात चांगल्या फळीची होती, त्यामुळे श्रेय उकळण्याला द्यावं असं मी म्हणणार नाही. नंदीवाल्यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलबद्दल विचारलं होतं. ते मेणासारखं रसायन पेशींच्या भिंतींत पाण्याची जागा घेतं आणि लाकूड आखडू देत नाही. स्वीडनमधलं वासा हे समुद्रातून काढलेलं जहाज १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षं त्याचे फवारे मारून टिकवलं. खेळण्याच्या चाकाला ते नको. वरून पॉलिश नीट धरत नाही आणि दमट दिवसांत पृष्ठभाग चिकट लागतो.

काय जमलं, काय राहिलं

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात सगळी चाकं पुन्हा मोजली. उभ्या वलयांच्या सागवानाच्या चाकांत दोन व्यासांमधला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होता, शिवणात तेवढाच. नंदी चालवताना तो जाणवत नाही. आसावर एकही चाक अडकलं नाही. आंब्याच्या चाकांत फरक एक मिलिमीटरच्या पुढे गेला, काही बाद करावी लागली. बाद झालेल्यांत बरीच अशी होती ज्यांच्या फळीच्या टोकाला गाभ्याचा डाग होता आणि घेताना तो नजरेतून सुटला होता. मेण लावायला उशीर झालेल्या दोन-तीन चाकांना केसासारख्या चिरा होत्या. चिरा वरवरच्या होत्या, दुसऱ्या फेरीत निघून गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यातली परीक्षा अजून बाकी आहे. तेव्हा हीच चाकं खाली सहा टक्क्यांकडे जातील. फट वाढेल, चाक आडव्या दिशेला अर्धा-पाऊण मिलिमीटर आखडेल. काही चाकं मापून, नोंदवून मुद्दाम मागे ठेवली आहेत. त्यांतली निम्मी टिनाच्या माळ्यावर, निम्मी कुलरच्या खोलीत जाणार आहेत.

भावाचा प्रश्न मात्र पोळ्याआधीच सोडवावा लागला. दोनदा कातलेलं चाक एकदा कातलेल्यापेक्षा महाग पडतं, आणि त्याहून महाग पडतो तो पौषात घेतलेल्या लाकडात आषाढापर्यंत अडकलेला पैसा. हा भार एकट्या खरादीवर टाकला तर तो पुन्हा मे महिन्यात कातायला बसेल, त्यात त्याचा दोष नसेल. नंदीवाल्यांनी हे ऐकून घेतलं. आता लाकडाचा अर्धा पैसा ते जानेवारीत देतात, चाकांची संख्या तेव्हाच पक्की करतात, आणि जूननंतर वाढीव मागणी आली तर ती त्या वर्षी घेत नाहीत.